दोन डोळ्यांचे इमर्जन्सी लाइट: घेतले, फसलो, कंपनीने परत नेले, नवे आले (वाचनालयाच्या हॉलसाठी, सविस्तर रिव्ह्यू)

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, विचारू पण नका. रिकॉल झालाय (म्हणजे सदोष माल कंपनीनेच परत मागवला), माल बदलून मिळालाय, आता उगाच भांडण उकरून काढायचं नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे जे झालं त्यात निम्मा वाटा कंपनीचा आणि निम्मा आमचा, तो आमचा वाटाही इथे लिहिणार आहे म्हणजे दुसऱ्या कुणाचं तसं व्हायला नको.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह आहे, शाळेतून रिटायर झाल्यावर हे गळ्यात पडलं. खाली पुस्तकं, वर २२० खुर्च्यांचा हॉल. हॉलमध्ये व्याख्यानमाला, शाळांची गॅदरिंग, कधी साखरपुडे पण होतात कारण भाडं कमी आहे. वर जायला एक मोठा जिना आणि मागे एक लोखंडी गोल जिना, ज्याच्या दाराशी वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या रचलेल्या असायच्या (आता नाहीत, मी स्वतः उभी राहून काढायला लावल्या).

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ते सगळ्यांना आठवत असेल. १९१५ सालची वास्तू, शाहू महाराजांच्या काळातली. आमच्या अध्यक्षांनी तिथे तरुणपणी नाटकं बघितलेली, ते दोन दिवस धड जेवले नाहीत. पुढच्याच मीटिंगमध्ये विषय निघाला की आपल्या हॉलचं काय, वर दोनशे माणूस बसलेलं असताना लाइट गेली आणि जिन्यात धूर झाला तर काय. एका सभासदांचं म्हणणं, "सगळ्यांकडे मोबाईल आहे हो आता, टॉर्च लावतील." मी म्हटलं, एका हातात नातू आणि दुसऱ्या हाताने कठडा धरलेली बाई मोबाईल कशात धरणार, तोंडात? ठराव पास झाला.

तर त्या दिवाळीत आम्ही, लाइट गेली की बॅटरीवर आपोआप लागणारे, २६ नग घेतले. १४ दोन डोळ्यांचे, म्हणजे मध्ये पांढरा डबा आणि वर बेडकासारखे दोन एलईडी फोकस, कोणी ट्विन स्पॉट म्हणतं कोणी ट्विन हेड. आणि १२ एक्झिटच्या हिरव्या पाट्या, पळणाऱ्या माणसाच्या. तो पळणारा माणूस मूळ जपानच्या युकिओ ओटा यांच्या डिझाईनवरून आलाय, सत्तरच्या दशकात तिकडे डिपार्टमेंट स्टोअरना भयानक आगी लागल्या त्यानंतर, आणि तो आता जगभर चालतो कारण त्याला भाषा लागत नाही. आमच्या बालविभागातली पोरं त्याला पळपुट्या म्हणतात. दोन डोळेवाला २,८५० ला पडला आणि पाटी १,४५० ला, म्हणजे ५७,३०० रुपये, वायरिंग वेगळं. देणगीदारांचे पैसे. तालुक्याच्या वाचनालयाला ही रक्कम म्हणजे वर्षभराची नवीन पुस्तकं.

दिसायला माल चांगला होता हे कबूल. डबा जाड, स्क्रू गंजणार नाहीत असे (कोकणात हे आधी बघतात), फोकस हव्या त्या दिशेला वळतात, उजेड पांढरा आणि भरपूर. खोक्यावर "बॅकअप ३ तास". मागे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, तो मी मुलाकडून शिकून बीआयएस केअर ॲपवर टाकून पण बघितला, खरा निघाला. पुढच्या बाजूला एक छोटा हिरवा एलईडी आणि त्याखाली टेस्टचं बटण. बटण दाबलं की दोन्ही डोळे झगझगीत लागायचे. दाबून दाबून सगळ्यांनी बघितलं, अध्यक्षांनी तर सगळे १४ दाबले. बॅटरीची वॉरंटी सहा महिने आणि बाकीच्याची दोन वर्षं, हे कार्डावर बारीक अक्षरात होतं, मी वाचलं होतं पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. ज्या वस्तूचा जीवच बॅटरीत आहे तिच्या बॅटरीची वॉरंटी सहा महिने!

जानेवारीत फायरच्या लायसन्स एजन्सीचा माणूस आला. आपल्याकडे २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत आहे असं एजन्सीकडून बी फॉर्मवर लिहून घ्यायचं असतं. तो आला, चहा झाला, चार दिव्यांची बटणं दाबली, लागले, "ओके आहे मॅडम", सही शिक्का, गेला. मला त्याचा राग नाही कारण मी पण तेच केलं असतं.

मग जून. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम, दीडशे दोनशे माणूस, बाहेर पावसाने धिंगाणा घातलेला, साडेसात वाजता कडाडून वीज झाली आणि लाइट गेली. आता कोकणात जूनमध्ये लाइट जाणं ही काही बातमी नाही, लोकांनी नेहमीप्रमाणे "ओऽऽ" केलं आणि हसले. हॉलमधले चार दिवे लागले, ठीक. मी जिन्याकडे बघितलं तर जिना काळाकुट्ट. पहिल्या वळणावरचा दिवा लागलाच नाही आणि खालचा लागला तो पेटत्या उदबत्तीइतका, दोन मिनिटांत तोही गेला. कुणाला काही झालं नाही, लोक जागेवरच बसून राहिले कारण बाहेर पाऊस होता. पण एक आजोबा बाथरूमला जायला म्हणून उठले होते ते त्याच जिन्याच्या तोंडाशी पोचलेले, त्यांच्या सुनेने हाक मारली म्हणून थांबले. मला त्या रात्री झोप नाही.

त्यातून आम्ही जे केलं ते प्रत्येकाने करावं म्हणून नीट लिहिते. रविवारी वाचनालयाला सुट्टी, वायरमन दादाला बोलावलं, शिपाई काका होतेच. आधी दिवसभर सगळं चार्ज होऊ दिलं आणि संध्याकाळी सहाला लायटिंगचे एमसीबी (बोर्डातले लाइन तोडणारे छोटे स्विच) खाली पाडले. टेस्टचं बटण दाबायचं नाही, खरोखरची लाइट घालवायची. मग घड्याळ घेऊन बसायचं दीड तास. दीड तास कारण नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये इमर्जन्सी लायटिंग किमान तेवढं चाललं पाहिजे असं आहे. मी प्रत्येक दिव्याखाली खडूने नंबर टाकला आणि पुस्तक देवघेवीच्या जुन्या स्लिपांच्या मागे वेळ लिहीत गेले, शाळेत परीक्षेला सुपरव्हिजन केल्यासारखी.

१४ पैकी ३ लागलेच नाहीत. ४ पंधरा मिनिटांच्या आत गेले, त्यातला सात नंबर, तोच जिन्याचा, दोन मिनिटं टिकला. ५ दिवे वीस ते चाळीस मिनिटांच्या मध्ये कधीतरी विझले. दीड तास पूर्ण केलेले फक्त २. हिरव्या पाट्या मात्र बाराच्या बारा शेवटपर्यंत होत्या, त्या दुसऱ्या मॉडेलच्या, त्यांची तक्रार नाही. पण अंधारात नुसता पळपुट्या दिसून काय करायचं, पायऱ्या दिसायला पाहिजेत ना.

आणि सगळ्यात वाईट काय, तर दुसऱ्या दिवशी लाइट चालू केल्यावर त्या १४ च्या १४ दिव्यांवर हिरवा एलईडी ऐटीत लागलेला. जे तीन मेलेले होते त्यांच्यावर पण. वायरमन दादाने एक खोलून दाखवला, म्हणाला, "काकू हा हिरवा बॅटरीला जोडलेलाच नाहीये, हा फक्त सांगतोय की मागून लाइट येतेय." म्हणजे आठ महिने आम्ही त्या हिरव्या ठिपक्याकडे बघून खुश होत होतो आणि तो सांगत होता की लाइट आहे, जे आम्हाला पंखा फिरताना पण दिसत होतं! बटणाचंही तसंच, दमलेली बॅटरी पण दोन सेकंद जोर लावते, दिवा झगझगीत लागतो, तेवढ्यात आपण बोट काढून पुढच्या दिव्याकडे जातो. चांगल्या युनिटमध्ये बॅटरी खराब झाली की लाल किंवा पिवळा दिवा लागतो, काहींमध्ये दिवा स्वतःच अधूनमधून स्वतःची टेस्ट घेतो. हे आम्हाला घेताना कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

खोललेल्या डब्यात आतली लिथियमची बॅटरी फुगलेली होती, उशीसारखी, डब्याचं झाकण आतून थोडं वर उचललं होतं. दादाने हात लावला नाही, म्हणाला फुगलेल्याला टोचलं बिचलं तर पेट घेते.

डीलरला फोन केला. डीलर जिल्ह्याच्या ठिकाणचा, बोलायला गोड. त्याने दोन प्रश्न विचारले आणि दुसऱ्या प्रश्नाला मी गार. "काकू, रात्री मेन बंद करता का?" हो, करतो की. शिपाई काका साडेआठला कुलूप लावताना मेन स्विच खाली ओढतात, वीस वर्षांची सवय, शॉर्टसर्किट नको म्हणून, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचं कौतुकच करत आलोय. आता विचार करा, दिव्याला काय कळणार की वाचनालय बंद झालंय. त्याला एवढंच कळतं की लाइट गेली, म्हणजे आपण लागायचं. तर रोज रात्री, रिकाम्या हॉलमध्ये, १४ दिवे पूर्ण बॅटरी संपेपर्यंत जळत होते. रोज! आणि काकांनी हे मला एकदा सांगितलं पण होतं. "मॅडम, सगळं बंद केलं तरी वर उजेड असतो, बाहेरून खिडकीत दिसतो, भुताटकी असल्यागत." मी हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नाही.

डीलर म्हणाला मग बॅटरी मरणारच, ती काय अमर आहे का, आणि तशीही सहा महिने होऊन गेले, नवीन बॅटऱ्या घ्या, नगाला साडेसातशे. इथे मी थोडी नरम पडले होते कारण चूक आपली दिसत होती. पण वायरमन दादाचं डोकं चालतं, तो म्हणाला की रोज उतरली म्हणून बॅटरी लवकर म्हातारी होईल हे बरोबर, पण फुगली कशी? आणि बॅटरी एका मर्यादेच्या खाली गेली की सर्किटने स्वतः तोडलं पाहिजे, तो कटऑफ कुठाय? त्याने हे डीलरला फोनवर विचारलं, डीलर म्हणाला कंपनीला कळवतो. कळवलं की नाही देव जाणे.

गणपतीच्या आधी दहा दिवस डीलरचा व्हॉट्सॲप आला, वर एकही शब्द न लिहिता नुसता एक पीडीएफ. इंग्रजीत. कंपनी म्हणत होती की अमुक बॅचच्या दोन डोळ्यांच्या युनिटमध्ये चार्जिंगच्या बोर्डात दोष सापडलाय, बॅटरी भरल्यावर चार्जिंग तुटत नाही, सेल फुगू शकतो, गरम होऊ शकतो, दिवा वेळेवर न लागण्याची शक्यता आहे, ग्राहकांनी युनिट ताबडतोब सप्लायपासून सोडवून ठेवावं आणि बदलून घ्यावं. म्हणजे गाड्यांचा रिकॉल येतो तसाच. मी दोनदा वाचलं आणि मुलाला फोन करून मोठ्याने वाचून दाखवलं, इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

आता बॅच नंबर कुठे? डब्याच्या मागे. आणि डबा कुठे? भिंतीला, अकरा फुटांवर, मागची बाजू भिंतीकडे. चौदा वेळा शिडी. हे बॅच नंबर पुढून दिसेल असे छापायला काय होतं? १४ पैकी ९ त्या बॅचचे निघाले. बाकी ५ दुसऱ्या बॅचचे. रविवारच्या स्लिपा काढून ताडून बघितलं तर ते दोन दीड तासवाले याच पाचातले, पण याच पाचातले तीन नापास पण होते, त्यातला एक तर लागलाच नव्हता. म्हणजे नऊ दिव्यांचं पाप कंपनीकडे आणि या तिघांचं बहुतेक आमच्या मेन स्विचकडे. मी असंच समजते, कंपनीने याबद्दल काही लिहून दिलं नाही.

आता माझी खरी तक्रार. "ताबडतोब सोडवून ठेवा." बरं, सोडवला. मग जिन्यात काय लावू? मिक्सर परत मागवला तर माणूस आठ दिवस पाट्यावर चटणी वाटेल. इथे तुम्ही अंधारातला दिवाच काढून घेताय, आणि तो पण सार्वजनिक जागेतला, आणि पत्रात एका ओळीत सुद्धा नाही की बदली येईपर्यंत काय करायचं, तात्पुरते दिवे देऊ का, हॉल बंद ठेवावा का. दिवा ठेवला तर आगीची भीती, काढला तर अंधाराची. हेल्पलाइनवरच्या मुलीला विचारलं तर ती बिचारी म्हणाली, "मॅम, आमच्या स्क्रिप्टमध्ये ते नाहीये." खरं बोलली, आवडली मला.

उपहारचं आठवतं का? १३ जून १९९७, दिल्लीचं ते थिएटर, ५९ माणसं गेली. ट्रान्सफॉर्मरची आग खाली पार्किंगमध्ये होती, वर बाल्कनीत आला तो धूर, आणि लाइट गेल्यावर तिथे ना इमर्जन्सी लाइट ना एक्झिटचे दिवे, कोर्टाच्या निकालातच आहे हे. म्हणून मी कमिटीत अडून बसले की बदली येईपर्यंत वरचा हॉल संध्याकाळनंतर द्यायचा नाही. भाडं बुडलं, दोन साखरपुडे दुसरीकडे गेले, एका सभासदांनी तोंड वाकडं केलं. व्याख्यानमाला सकाळी दहाला घेतली, खिडक्या उघड्या टाकून, आणि खरं सांगू का, नेहमीपेक्षा गर्दी जास्त झाली.

शिवाय जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला रेडियमची पट्टी लावली. रेडियम आपण नुसतं म्हणतो, त्यात रेडियम बिडियम काही नसतं, उजेड पिऊन अंधारात हिरवं चमकणारं मटेरियल असतं. ही पट्टी राहूच दिलीये आता, कारण धूर वर जमतो आणि अकरा फुटांवरचा दिवा धुरात आधी गायब होतो, पायाजवळचं मागून. खर्च सगळा मिळून हजाराच्या आत. ५७,३०० च्या मालापेक्षा हे आधी करायला हवं होतं असं वाटून गेलं.

रिकॉलची सर्व्हिस. फॉर्म ऑनलाइन, इंग्रजीत, प्रत्येक नगाच्या नंबरचा फोटो, जीएसटी बिल, आणि वर वॉरंटी कार्डावर डीलरचा शिक्का. आमच्या कार्डांवर शिक्का नव्हता म्हणून फॉर्म परत आला. इथे मी भडकले. रिकॉल आणि वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमचा माल सदोष आहे हे तुम्हीच लिहून देताय तर माझ्या कार्डावर शिक्का आहे का सहा महिने झाले का हा प्रश्न येतोच कुठे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नावाची गोष्ट आलीये, धोकादायक माल परत मागवायला लावायचा आणि पैसे परत द्यायला लावायचा अधिकार त्यांना आहे, आणि बीआयएसच्या २०१६ च्या कायद्यात पण रिकॉलची तरतूद आहे. मी हेच दोन मुद्दे मेलमध्ये लिहिले आणि खाली लिहिलं की उद्या सकाळी १९१५ ला फोन करतेय. १९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फुकट आहे, नंबर पाठ करून ठेवा. संध्याकाळी मेल आला, शिक्क्याची अट आमच्यासाठी काढली. आमच्यासाठीच का, सगळ्यांसाठी का नाही, ते विचारायचं राहिलं.

मग तीन आठवडे काही नाही. कुरियरवाला एकदा आला, "आत बॅटरी आहे का?", "आहे, फुगलेली आहे", तो दोन पावलं मागे गेला आणि तसाच परत. बरोबर आहे त्याचं. शेवटी कंपनीने स्वतःची गाडी पाठवली, त्यातला माणूस मात्र शहाणा निघाला, वाळू भरलेला पत्र्याचा डबा घेऊन आलेला, फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढून त्यात ठेवल्या, पावती दिली. त्याला विचारलं जुन्या बॅटऱ्यांचं काय करता, म्हणाला कंपनीला परत घ्याव्याच लागतात, २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत. आमच्या गावात हेच नऊ डबे भंगारवाल्याकडे गेले असते आणि त्याने हातोड्याने फोडले असते, म्हणून सांगते, द्यायच्या तर कंपनीलाच द्या. बाकीच्या पाचातले तीन त्याने घेतले नाहीत, लिस्टमध्ये नाहीत म्हणून. त्यांच्या बॅटऱ्या आम्ही पदरचे पैसे घालून बदलल्या.

नवीन नऊ आले ते नवरात्रात. आतली बॅटरी आता लिथियम फेरो फॉस्फेटची आहे, जी तापण्याच्या बाबतीत जास्त शांत असते असं वायरमन दादा म्हणाला आणि वाचलं त्यातही तसंच होतं. इंडिकेटर दोन रंगांचा, हिरवा आणि लाल, आणि दादाने बॅटरीची पिन काढून बघितली तर खरंच लाल होतो, हे मला फार म्हणजे फारच आवडलं. बॅच नंबर डब्याच्या खालच्या कडेला, जमिनीवरून मोबाईलने झूम करून वाचता येतो. म्हणजे कुणीतरी तिकडे ऐकलं. उजेड आधीच्याइतकाच. पण फिटिंगची भोकं जुन्या ब्रॅकेटला जुळत नाहीत! बारा मिलिमीटर इकडे. नऊ दिव्यांसाठी भिंतीत छत्तीस नवीन भोकं, जुनी छत्तीस बुजवायची, फिटिंगची मजुरी रिकॉलमध्ये धरलेली नाही, ती १,८०० रुपये आमची. मेल केलाय, उत्तर नाही.

मेन स्विचचं काय केलं ते सांगते. रात्री मेन ओढायचा नाही असं ठरवलं, शिपाई काकांना हे पटायला चार दिवस लागले, त्यांचा जीव खालवर होत होता. पंखे आणि प्लगचे एमसीबी पाडायचे, लायटिंगचे पाडायचे नाहीत, दिवे नुसते बटणाने बंद करायचे. वायरमन दादाने इमर्जन्सी युनिटला सप्लाय बटणाच्या आधीपासून, पण त्याच लायटिंगच्या सर्किटवरून दिलाय. आमच्या एका इंजिनिअर सभासदाचं म्हणणं होतं की सगळ्यांना मिळून एक वेगळी लाइन टाकू, सोपं पडेल. दादाने समजावलं की मग उद्या फक्त जिन्याचा एमसीबी उडाला तर जिन्यात अंधार होईल आणि या दिव्यांची वेगळी लाइन चालूच असल्यामुळे यांना वाटेल लाइट आहे, लागणारच नाहीत. इंजिनिअर साहेब गप्प. लायटिंगच्या एमसीबींवर लाल टेप आणि पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात "हे पाडू नये, पाडल्यास कार्यवाहांशी गाठ आहे".

नवरात्रानंतरच्या रविवारी परत दीड तासाची टेस्ट. नवे नऊ पास, जुने दोन पास, बॅटरी बदललेले दोन पास आणि एक ७४ मिनिटांना गेला. खोक्यावरचे तीन तास मात्र कुठेच नाहीत, सगळ्यात जास्त टिकलेला दोन तास पाच मिनिटं, तोही शेवटी मिणमिणता. तो ७४ वाला जिन्यात नाही, बालविभागात आहे, तरी बदलणार. टेस्टनंतर लगेच कार्यक्रम ठेवायचा नाही हे पण लक्षात ठेवा, रिकामी झालेली बॅटरी भरायला दिवस जातो, आम्ही म्हणूनच शनिवारी नाही तर रविवारी करतो, सोमवारी वर काही नसतं. जुलैत बी फॉर्मला आलेल्या माणसाला मी जूनच्या स्लिपा दाखवल्या होत्या, त्याने फोटो काढून घेतले आणि सही केली नाही, दिवाळीला परत या म्हटलंय, तो अजून यायचाय. आला की ही दुसरी यादी तयार आहे.

रेटिंग द्यायचं म्हणून देते. पहिल्या मालाला एक स्टार, तो पण डब्याच्या स्क्रूंना. नवीन मालाला चार, पाचवा वर्षभराने बघू. रिकॉलला अडीच: स्वतःहून चूक कबूल केली त्याचे मार्क पूर्ण, पण पत्र इंग्रजीत, शिक्क्याची अट, मधल्या काळात वाऱ्यावर सोडलं आणि मजुरी आमच्या माथी. डीलरला अर्धा, पीडीएफ फॉरवर्ड केल्याबद्दल. वाळूचा डबावाल्याला पाच.

कुणी घेत असाल तर दुकानदाराला एवढंच म्हणा, याची बॅटरी काढून दाखवा, मला बघायचंय हिरवा दिवा विझतो का. आमच्या दुकानदाराला परवा एक्झिटच्या नवीन पाटीसाठी गेले तेव्हा हेच म्हटलं, त्याने स्क्रू ड्रायव्हर शोधायला दहा मिनिटं लावली. आणि हो, कुणाला जुन्या मापाचे ब्रॅकेट हवे असतील तर आमच्या कपाटात नऊ पडून आहेत, स्क्रूसकट, फुकट घेऊन जा, वेळ सकाळी नऊ ते बारा.